भिंतीपलीकडचं टाकं

ताप एकाआड एक दिवस यायचा आणि वेळेचा मोठा पक्का होता. ऊन छपरीच्या उंबऱ्यावरून आत सरकलं की थोरलीचा नवरा हातातला कोयता खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "आला गं." एवढंच. मग दोन गोधड्या, वर पोती, आणि पोत्यांवर थोरलीचे दोन्ही हात, तरी खाटेचे पाय फरशीवर कडकड वाजायचे. थंडी ओसरली की अंग तापायचं, तिन्हीसांजेला घामानं अंथरूण भिजायचं आणि माणूस पिळून टाकलेल्या फडक्यासारखा पडून राहायचा.

मोसमातलं हे दुसरं दुखणं. पहिल्या खेपेला गोळ्यांनी ताप गेला होता. महिना उलटला नाही तोच पुन्हा हजर. आणि या खेपेला त्यानं हात नेले. बांबू फोडायचा म्हणजे कोयता टोकाला लावून एक घाव, मग मनगटाच्या नुसत्या दाबावर चीर सरळ खाली गेली पाहिजे. डोळे मिटून एकसारख्या कामट्या काढणारा हा माणूस आता फोडायला बसला की चीर मध्येच वाकडी पळायची. तो ती कामटी उलटसुलट करून बघायचा आणि मुकाट्यानं सरपणात टाकायचा. सरपणाचा ढीग वाढत चालला होता. थोरलीला त्या ढिगाकडे बघवत नव्हतं.

म्हणून फोडणं तिनं हाती घेतलं. तिच्या कामट्या जाड यायच्या, हातात कुसं जायची. फळं उतरायला महिना उरला होता आणि बागवाल्यानं सांगून ठेवलेल्या टोपल्या निम्म्याही झाल्या नव्हत्या. पण टोपल्यांचं तिला एवढं नव्हतं. तिला त्या हातांची धास्ती होती. ते हात गेले तर हा माणूस खाऊनपिऊनही मरेल, हे ती जाणून होती.

दवाखान्यातल्या नर्सबाई औषध द्यायला आल्या तेव्हा भिंतीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, "हा बघ. बस अशी इथं."

भिंतीवर डास होता. थोरलीनं हात उगारला.

"मारू नकोस, आधी बघ. कसा बसलाय?"

"ढुंगण वर करून."

"हाच तो. जो भिंतीला सपाट बसतो, कानाशी गात येतो, तो नुसता चावून जातो. ताप आणणारा हा, शेपूट वर करून बसणारा. गोळ्या ताप मारतात बाई, याला नाही मारत. मी गोळ्या देत राहीन, हा ताप देत राहील. पाणी शोध. जवळच असेल, हे फार लांबून येत नाहीत."

"गटार नाही आमच्याकडे."

"गटारातलं नाही लागत याला. नितळ पाणी लागतं. खानदानी आहे तो."

त्या गेल्या आणि थोरली पाणी शोधायला निघाली. फार लांब जावं लागलं नाही. घराच्या मागल्या भिंतीला लागून दिराचं टाकं होतं. वाटणीत छपरी आणि पुढचं अंगण थोरल्याला आलं, मागचं अंगण, तिथलं घर आणि बांबू भिजवायचं दगडी टाकं धाकट्याला. टाकं त्याचं, भिंत हिची. हिरवा बांबू एकवीस दिवस पाण्यात बुडवून ठेवावा लागतो. नाही ठेवला तर आत भुंगा शिरतो आणि सहा महिन्यांत टोपलीतून पीठ गळायला लागतं. वाटणीपासून थोरलीचे बांबू लांबच्या ओढ्यात, दगडाखाली भिजत. वाहत्या पाण्यात चार आठवडे लागत, आणि नेणं-आणणं डोक्यावरून. दिराचे बांबू घरच्या घरी, सावलीत.

टाक्याच्या एका कोपऱ्याला तडा गेलेला. त्यातून पाणी पाझरून भिंतीच्या कडेनं हातभर रुंद चर भरला होता. वर ऊन, खाली शेवाळ, पाणी असं की तळाचे खडे मोजावेत. थोरली गुडघ्यावर बसली. पाण्याच्या वरच्या अंगाला बारीक, करड्या काड्या आडव्या पडल्या होत्या. तिनं सावली पाडली तशा त्या तुरतुरत खाली गेल्या, आणि थोड्या वेळानं श्वास घ्यायला पुन्हा एकेक करून वर आल्या.

तिनं चर मातीनं बुजवला. सकाळी बघते तर माती भिजून खचलेली, वर बोटभर पाणी. पुन्हा बुजवला. पुन्हा तेच. चौथ्या दिवशी ती दिराच्या दारात गेली.

दीर दात कोरत ओट्यावर बसला होता.

"भावजी, टाकं गळतंय. एकदा उपसून तडा बुजवून घ्या. त्या पाण्यात डास होतात, तुमच्या भावाला त्याच्यानं ताप येतोय."

"डास काय मी पाळलेत, वहिनी?"

"पाळले नाहीत, पण पोसताय."

"बरं बोलतेस!" तो हसला. "दादाला काही कमी झालं की दोष माझ्या टाक्याचा. तिकडं खायला-प्यायला नीट घाल, म्हणजे डास काय, वाघ चावला तरी ताप यायचा नाही."

मागे दारात त्याची बायको, धाकटी जाऊ, पोटावर हात धरून उभी होती. सातवा महिना चालू होता. ती आत निघून गेली.

थोरलीनं घरी येऊन काचेची बरणी घासली. चरातलं पाणी आणि त्या काड्या घेतल्या, वर फडकं बांधलं आणि बरणी खिडकीत ठेवली. रोज बघायची. काड्या जाड झाल्या. मग त्या स्वल्पविरामासारख्या वाकल्या, खाणंपिणं सोडून गरगरत राहिल्या. आठव्या दिवशी पाण्यावर पोकळ सालपटं तरंगत होती आणि फडक्याच्या आतल्या अंगाला सतरा डास बसले होते, सगळे शेपूट वर करून.

बरणी छातीशी धरून ती पुन्हा दिराकडे गेली. पुरावा म्हणून. आता तरी त्याचे डोळे उघडतील, असं तिला खरंच वाटलं होतं. टाक्यावर बांबू घेऊन आलेले दोन गाडीवान बसले होते, चहा चालला होता.

"बघा. तुमच्या टाक्याच्या पाण्यातले. आठ दिवसांत झाले."

दिरानं बरणी हातात घेतली. उन्हात धरून बघितली. गाडीवानांनाही दाखवली. मग शांतपणे फडक्याची गाठ सोडली.

"जा रे बाळांनो," तो म्हणाला, "मावशीनं आठ दिवस बंद करून ठेवलं होतं. जा, आपल्या घरी जा."

गाडीवान पोट धरून हसले. एकाला तर ठसका लागला. दिरानं रिकामी बरणी तिच्या हातात दिली. "घे. लोणच्याला होईल."

थोरली परत आली ती रडत नव्हती. बरणी घासून फळीवर उपडी ठेवली आणि चुलीपुढं बसली. खाटेवरून नवऱ्यानं विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, आपापल्या घरी जा."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याचे त्याच्या घरी पाठवायचे."

माणसं देवासाठी नेम धरतात. थोरलीनं सुडाचा धरला, आणि नेमात जशी एका दिवसाचीही सूट नसते तशी तिनं स्वतःला दिली नाही. पहाटे उठून सगळी भांडी पालथी करायची. पाण्याचं पिंप आठवड्यातून एकदा आतून काथ्यानं खसखसून घासायचं, कारण काही डासांची अंडी कडेला चिकटलेली असतात, पाणी ओतलं तरी जात नाहीत, हे तिला नर्सबाईंनी सांगितलं होतं. त्यांनीच दिलेले बोटाच्या पेराएवढे गप्पी मासे तिनं अंगणातल्या धुण्याच्या हौदात सोडले. छपरीत उभ्या करून ठेवलेल्या बांबूंच्या वरच्या पेरात पाणी साठतं. इतकी वर्षं या धंद्यात काढून ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिनं एकेक पेर वाळूनं भरलं. खुंटीवरचे काळे, घामट कपडे काढून पेटीत टाकले, कारण डास दिवसा तिथंच लपून बसायचे. दुपारी खाटेखाली, कोनाड्यात, पेटीमागे ओल्या फडक्यानं झोडपायचं आणि पडलेले मोजायचे. खिडक्यांना तिनं स्वतः विणलेल्या जाळ्या बसवल्या. कामट्या इतक्या बारीक काढल्या, वीण इतकी घट्ट घातली, की नवऱ्यानं हात फिरवून म्हटलं, "हे कधी शिकलीस?"

"आत्ता."

त्याच्या खाटेवर मच्छरदाणी. तिच्या कडा गादीखाली, वर वीट.

आणि दिवस कलला की धूर. वाळलेला कडुनिंबाचा पाला मडक्यात घालून ती दारात धुमसत ठेवायची. संध्याकाळचा वारा अंगणाकडून टाक्याकडे जायचा. धुरानं डास मरत नाहीत, घर बदलतात, हे तिच्या केव्हाच लक्षात आलं होतं. म्हणून ती मडकं कुठं ठेवायचं ते हाताचं बोट ओलं करून, वारा बघून ठरवायची. धूर घरातून फिरून मागच्या झरोक्यातून बाहेर पडायचा आणि भिंत ओलांडून दिराच्या खिडकीत शिरायचा. चरातून नवीन उठणाऱ्यांनाही इकडं वाट उरली नव्हती.

मग ती झरोक्याखाली स्टूल घेऊन कामट्या सोलत बसायची. पलीकडून ऐकू यायचं, चटाक. थोड्या वेळानं पुन्हा चटाक. मग शिवी.

"एक," थोरली म्हणायची. "दोन."

"काय मोजतेस?" नवरा विचारायचा.

"कामट्या."

पंधरा दिवसांत तिच्या भिंतीवर डास दिसेनासा झाला. नवऱ्याचा ताप एकदा चुकला, मग दुसऱ्यांदा चुकला. दुपारी ऊन उंबऱ्यावरून आत आलं आणि तो कोयता धरून बसूनच राहिला. ऊन पेटीपर्यंत गेलं तेव्हा तो म्हणाला, "आज विसरला वाटतं."

"त्याला दुसरीकडं बोलावणं आलं असेल," थोरली म्हणाली.

दीर विहिरीवर दिसला तेव्हा एक पापणी सुजून बंद झाली होती, मानेवर गांधी उठल्या होत्या. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही," तो कुणाला तरी सांगत होता. थोरलीनं घागर भरायला मुद्दाम उशीर लावला. त्याचं खाजवणं तिनं डोळे भरून बघितलं. चालताना पाय हलके वाटत होते. त्या दिवशी जेवणही चार घास जास्त गेलं.

आणखी आठवडा गेला. एका दुपारी ती झरोका पुसायला स्टुलावर चढली आणि पलीकडं नजर गेली. टाक्याजवळ भर उन्हात कुणीतरी घोंगडी पांघरून बसलं होतं. घोंगडी हलत होती. अशी हलणारी घोंगडी थोरलीनं दोन महिने दाबून धरली होती. तिला दुरूनही ओळखू आली.

ती अंगणाला वळसा घालून पळत गेली. धाकटीनं मान वर केली. ओठ निळे, दात वाजत होते.

"कधीपासून?"

"ताई, कुणाला सांगू नका."

"कधीपासून म्हणते मी!"

"चौथी खेप. एकाआड एक. ह्यांनी सांगितलंय, वहिनीला कळू देऊ नकोस, ती नाचेल."

थोरली खाली बसली. धाकटीच्या हातांवर, पायांवर, पोटऱ्यांवर जागा उरली नव्हती. "त्याला नाही झाला ताप? तो तर धडधाकट फिरतोय."

"ते गच्चीवर निजतात. तिथं वारा असतो. मला शिडी चढवत नाही आता." तिनं पोटावरून घोंगडी ओढून घेतली. "आणि संध्याकाळी विणायला उजेड फक्त त्या खिडकीशीच असतो."

ती खिडकी थोरलीला ठाऊक होती. रोज बोट ओलं करून तिनं वाट दाखवली होती ती तिथलीच. इतके दिवस मोजलेले चटाक आठवायला लागले. त्यांतले त्याचे किती आणि हिचे किती, कोण सांगणार?

"मीच धाडले," ती म्हणाली. "धूर मी मुद्दाम इकडं सोडत होते."

"ठाऊक आहे मला. वास यायचा."

"मग बोलली का नाहीस? भांडायचंस तरी!"

"काय तोंडानं बोलू, ताई? टाकं आमचंच."

थोरलीनं तिला काखेत धरून उठवलं. गाडी मिळेपर्यंतही थांबली नाही, दुधवाल्याच्या सायकलीवर बसवून दवाखान्यात नेली. नर्सबाईंनी बोटातून रक्त घेतलं, काचेवर पसरलं, आणि परत आल्या तेव्हा चष्मा कपाळावर नव्हता.

"अशा दिवसांत हा ताप म्हणजे आईला धोका आणि पोटातल्याला जास्त. औषध मी देते, तिला चालेल असं. पण यापुढं एकही डास चावता कामा नये. एकही. समजलं?"

"समजलं," थोरली म्हणाली. "मला सगळं समजतं त्यातलं."

घरी आल्यावर तिनं धाकटीला सरळ आपल्या घरात घेतलं. नवऱ्यानं न सांगता खाट सोडली. चादर बदलली, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचल्या, विटा ठेवल्या. मडकं मात्र तिनं पेटवलं नाही. तिन्हीसांजेच्या आत दार लावून घेतलं आणि कडीला हात लावून उभी राहिली.

दीर आलाच. दार धडधडलं.

"वहिनी, हिला इकडं का आणलीस? जेवण कोण करणार माझं?"

थोरलीनं दार उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. "ती इथं राहील."

"किती दिवस?"

"तुमचं टाकं रिकामं होईपर्यंत."

"बारा दिवस झालेत बांबू घालून! अजून नऊ राहिलेत. आत्ता काढले तर सगळ्याला भुंगा लागेल."

"लागू दे. पीठच गळेल."

"डोकं फिरलंय तुझं. मोसमाचा माल आहे तो."

"मग ओढ्यात नेऊन टाका. उरलेले दिवस तिथं भिजतील."

"ओढ्यापर्यंत वाहणार कोण?"

"आम्ही चार वर्षं वाहतोय, ती काय फुलं होती?"

दिरानं तिच्या खांद्यावरून आत आवाज टाकला. "दादा! तू तरी सांग हिला. बायको माझी आहे."

थोरला भिंतीला टेकून बसला होता. मांडीवर अर्धी टोपली होती. त्यानं कामटी ओढून बसवली, टोक आत खोचलं, मगच मान वर केली. "माझ्या थंडीला हिनं दोन महिने हातांनी दाबून धरलं. तू दाबशील का तुझ्या बायकोला? गच्चीवरून?"

दिरानं सूर बदलला. "अगं ए," त्यानं मच्छरदाणीकडे बघून हाक मारली, "चल घरी. लोक काय म्हणतील?"

आतून धाकटी म्हणाली, तिच्या त्याच हळू आवाजात, "मी नाही येत. मला हे मूल हवंय."

एक डास उंबऱ्यावरून आत यायला बघत होता. थोरलीनं तो हवेतच टाळी वाजवून मारला आणि तळहात दिरापुढं धरला. त्यावर रक्त होतं.

"हे कुणाचं असेल, भावजी? तुमचं की तिचं?"

तो वळून गेला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर टाक्याकडून आवाज आला. थोरली झरोक्यापाशी गेली. दीर कमरेइतक्या पाण्यात उभा राहून ओले बांबू एकेक करून बाहेर काढत होता. हिरवा, पाणी प्यालेला बांबू लोखंडासारखा जड. मदतीला कुणी नव्हतं. दुपारपर्यंत त्यानं पाच खेपा ओढ्याला केल्या. खांद्याचं सालटं निघालं, तसं तिथं फडकं घेतलं. पाचव्या खेपेला पाय घसरून तो चिखलात बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. थोरली सगळं बघत होती. पाणी विचारायला ती गेली नाही.

सगळे बांबू गेल्यावर त्यानं तळाचं बूच ओढलं. पाणी घोंघावत बाहेर पडलं, चर धुऊन घेत उतारानं पसरत गेलं. तेव्हा थोरली बाहेर आली. टाक्याच्या तळाला, चरात, पसरलेल्या चिखलावर त्या करड्या काड्या वळवळत होत्या. हजारोंनी. ऊन कडक होतं. ती भिंतीच्या सावलीत उकिडवी बसली. आधी कडेच्या थांबल्या, मग मधल्या. साळुंक्यांनी येऊन पुष्कळ टिपल्या. तिनं त्यांना हाकललं नाही.

थोरला कुणाचा आधार न घेता चालत आला आणि तिच्याशेजारी बसला. दिरानं घमेल्यात सिमेंट कालवलं, तड्यात थापीनं भरलं. काम झाल्यावर तो टाक्याच्या कडेला बसला, तिच्याकडे न बघता.

"झालं टाकं कोरडं," तो म्हणाला. "आता तरी पाठवशील तिला?"

थोरली उठली. चिखल वरून तडकला होता, त्यावर पांढरी खपली धरली होती. तिनं चप्पल काढली, पाऊल चरात ठेवलं आणि अंगठ्यानं जोर देऊन दाबलं. खपली फुटली. अंगठ्याभोवती हळूहळू पाणी जमलं.

"अजून ओल आहे," ती म्हणाली, आणि धाकटीच्या औषधाची वेळ झाली होती म्हणून आत गेली.